सवाष्णीचं शवासन

मैसूर, ९ जून

सौ. अंबुजक्काला धाकट्या नंजीचा नमस्कार. वाकून केलाय, गुडघे न मोडता, तळवे जमिनीला टेकवून. चोपन्नाव्या वर्षीही जमतं मला, एवढं कळावं म्हणून मुद्दाम लिहिलं.

माझं अक्षर पाहिलंस की तू पाकीट बंबात घालशील, म्हणून वर भावजींचं नाव घातलंय. भावजी, तुम्हीच वाचून दाखवा. चांगलं मोठ्यानं वाचा. ती कानांत बोटं घालेल, घालू दे. लहानपणापासून ती बोटं सैलच घालते.

भावजींचं कार्ड मिळालं. तुझे गुडघे धरलेत, हासनच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आणि दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवतेस. शेवटचं काम तर तू गुडघे धड असतानाही करायचीस. पण पुढं त्यांनी लिहिलंय की यंदाही गौरीला माहेरी यायला तू तयार नाहीस. कारण काय, तर पाटावर बसता येत नाही. अक्का, तू अकरा वर्षं आली नाहीस. गुडघे धरले अलीकडे. त्याआधी काय दुखत होतं गं तुझं?

मीच सांगते. आपण दोघी काही विसरलो नाही, पण भावजींना माझ्या बाजूनं एकदा ऐकू दे. गौरीचा दिवस होता. जेवणं झाली होती. तू म्हणालीस, "कंबर मोडली गं नंजी." मी तुला पुढच्या खोलीत, अप्पांच्या योगशाळेत नेलं. त्या लाल जमिनीवर चटई घातली, साधीसाधी आसनं करून घेतली, आणि शेवटी म्हटलं, "आता प्रेतासारखी पड." दारात, तुमच्याबरोबर सणाला आलेल्या तुझ्या सासूबाई उभ्या! "शिव शिव शिव! सणासुदीला, कपाळावर एवढं कुंकू असलेल्या सवाष्णीला ही प्रेत म्हणते?" मी आत कॉफी करायला गेले. बाहेर येऊन बघते तर तुझी पिशवी भरलेली. माझ्या हातचं बागिन, गौरीचं वाण, न घेता तू चालती झालीस. सुपं भरून ठेवली होती गं मी, बांगड्या, हळदकुंकू, डाळ-तांदूळ, गूळ, आरसा-फणी, सगळं. वरून दुसरं सूप झाकून ठेवलं होतं. गौरीच्या दिवशी माहेरचं सूप पदराखाली न घेता मुलगी निघून गेली, असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं. अम्मा असती तर तिनं तुला बसमधून ओढून आणलं असतं.

आता नीट ऐक. त्या आसनाचं नावच शवासन आहे. ते मी ठेवलं नाही, ऋषीमुनींनी ठेवलं, भांडायचं तर त्यांच्याशी भांड. मी माफीबिफी मागणार नाही. मला फक्त यंदा तुला बागिन द्यायचंय, तुझ्या हातात, पाटावर बसवून. दुसरं काही नको मला.

गौरीला तीन महिने आहेत. अप्पांनी घडवलेले गुडघे आहेत ते, गंज चढलाय एवढंच. पत्रातून योग शिकवू नये, समोर बसवून शिकवावा, असं अप्पा म्हणायचे. पण तू समोर येतेस कुठं?

तर पहिला धडा. सकाळी, रिकाम्या पोटी. कॉफीसुद्धा नाही, कॉफीही पोटातच जाते. खुर्चीतून उठ, भिंतीला पाठ लावून खाली बस. बुडाखाली घोंगडी घडी करून घे, दोन्ही गुडघ्यांखाली उशा घे. मग नाकानं श्वास सोड. घ्यायची काळजी करू नकोस, तो आपोआप येतो. सोडायचाच माणसाच्या जिवावर येतो.

नंजी

मैसूर, २ जुलै

अक्का, नमस्कार. वाकूनच.

भावजींचं कार्ड मी तीनदा वाचलं. तू खाली बसलीस! बसताना मला इतक्या शिव्या घातल्यास की शेजारची बाई तांब्याभर पाणी घेऊन धावत आली, आणि मग तुला उठवायला ती आणि भावजी दोघं लागले. लागू देत. बसलीस ना? वर कार्डाच्या कोपऱ्यात तुझं अक्षर: "शहाणपणा स्वतःपाशी ठेव म्हणावं." मी ते कार्ड आमच्या यांना दाखवलं. म्हणाले, "यात आनंद होण्यासारखं काय आहे?" त्यांना काय कळतंय! अकरा वर्षांनी अक्काचं अक्षर आलं. कार्ड देवापुढं ठेवलंय. शिवी असली म्हणून काय झालं, कुंकू लावलंय त्याला.

परवा-तेरवा अमावस्या आहे, त्या दिवशी सुट्टी. शनिवारी तेल लावून न्हायचं, तेव्हाही सुट्टी. अप्पांचा नियम तुला आठवत असेलच. अमावस्येची वाट बघत कॅलेंडर उलटणारी तूच होतीस. तरी सगळ्या पोरांत चांगली तूच. तुझं पद्मासन बघायला अप्पा बाहेरच्या माणसांना बोलवायचे, आणि मी दाराआड उभी राहून जळायचे.

पुढचा धडा. झोपून एक एक गुडघा पोटाशी घे, श्वास सोडत. मग भिंतीजवळ सरकून दोन्ही पाय भिंतीवर टेकव आणि नुसती पड. पायांची सूज उतरते. भावजी विचारतील, स्वयंपाक कोण करणार? तुमचे पाय जमिनीवर आहेत, भावजी, तुम्ही करा.

आणि सगळ्याच्या शेवटी ते आसन. नाव लिहीत नाही, तुझ्या भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर आहे, ती ऐकेल. उताणी पड, हात सैल, जबडा सैल. हे सोडू नकोस. बाकीची आसनं म्हणजे दळण, आणि पीठ भरून घ्यायचं ते यातच. फक्त अप्पांची अट लक्षात ठेव. पडायचं, पण झोपायचं नाही. "झोप लागली तो नापास, पुन्हा पहिल्यापासून!" आठवतंय ना? मी दर आठवड्याला नापास व्हायचे. तू कधीच नाही.

नंजी

मैसूर, २० जुलै

अक्काला नमस्कार. वाकून नाही, आज जरा गडबडीत आहे.

अक्षर वाकडं आलंय त्याला पेन जबाबदार. घरात सगळं ठीक आहे. आमच्या यांना एकाएकी स्वयंपाकाची हौस आली आहे, रोज उप्पिट्टू करतात. कालच्यानं कागद चिकटवता आला असता. योगशाळाही चालू आहे. मी हल्ली करून दाखवत नाही, बाजूनं सांगते. गुरूनं सदासर्वदा उड्या मारायच्या नसतात. करून दाखवायला आपल्या समोरच्या घरातली पुट्टम्मा आहे. मी म्हणते "डावा पाय," ती उजवा उचलते, आणि सगळी गल्ली उजवा उचलते.

तुझी बातमी मात्र फर्मास. भुंग्यासारखा घुमणारा प्राणायाम मी भावजींना कळवला होता, झोपेसाठी. तू तो पहाटे न सांगता सुरू केलास आणि भावजी झाडू घेऊन घरभर भुंगा शोधत फिरले! पुढं ते लिहितात, तू खाली वाकून अंगणातला कढीपत्त्याचा डहाळा स्वतः उचललास, आणि मग तो हातात धरून बराच वेळ तशीच उभी राहिलीस. अक्का, ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू.

पण एक कळत नाही. सगळं करतेस, तेवढं शेवटचं आसन करत नाहीस. भावजी लिहितात, "ते म्हटलं की उठून बसते, तोंड फिरवते." म्हणजे अजून त्या शब्दावर अडलीयेस तू. बरं बाई, मी हरले. अम्मा घरात "शव" म्हणू द्यायची नाही, आठवतं? आपण चटईवर पडलो की स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोरींनो, श्रीरंगपट्टणच्या रंगनाथासारख्या पडा गं!" देव नाही का शेषावर पडलेला, जगाची काळजी पायाशी ठेवून? तर तू रंगनाथासारखी पड. ऋषीमुनींची समजूत मी काढते.

नंजी

मैसूर, १२ ऑगस्ट

अक्का, नमस्कार मनातल्या मनात.

आता लपवण्यात अर्थ नाही. भावजींनी घरी पोचल्या पोचल्या सांगितलंच असेल. पेन्शनच्या कामासाठी मैसूरला आले होते ते. दारातून हाका मारत आत आले, "नंजम्मा, आहात का?" मी कुठं जाणार! खाटेवर उताणी, पाय प्लास्टरमध्ये, उशीवर. त्यांच्या हातातली केळी खाली पडली.

"हे काय? हे कधी?"

"आषाढातल्या पहिल्या शुक्रवारी. सगळी गल्ली चामुंडीच्या टेकडीवर गेली होती."

"पायऱ्यांवरून पडलात?"

आमचे हे स्वयंपाकघरातून ओरडले, "कसल्या पायऱ्या! स्टुलावरून! कोडुबळ्यांचा डबा काढत होती!"

चाळीस वर्षं डोक्यावर उभी राहणारी बाई तळलेल्या कोडुबळ्यांपायी स्टुलावरून पडली. हस. पोटभर हस. मला इथून ऐकू येतंय. महिनाभर मी छताकडे बघत पडलेय, आणि शवासन म्हणजे काय ते आत्ता कुठं कळतंय मला. दुसऱ्यांना सांगणं फार सोपं असतं.

यांच्या हातची कॉफी भावजींनी कशीबशी संपवली. मग मी विषय काढला. म्हटलं, "भावजी, अक्का त्या एका शब्दावरून इतकी वर्षं रुसून बसते, हे शोभतं का?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "शब्दावरून? ते तुम्ही पत्रात थट्टेनं लिहिता ना?"

"थट्टा कसली! मी प्रेतासारखी पड म्हटलं ते!"

"अहो नंजम्मा, तुम्हाला खरंच माहीत नाही? तुम्ही कॉफी करायला आत गेलात ना, तेवढ्यात ती गाढ झोपली. आणि घोरायला लागली. साधंसुधं नाही. सगळ्या बायका दारात गोळा झाल्या. माझी आई म्हणाली, 'चला, आमच्या सूनबाईंची रागीची गिरणी सुरू झाली.' जो हशा पिकला! त्यानंच ती जागी झाली. उठून बसली, सगळ्यांची तोंडं बघितली, आणि पिशवी भरायला घेतली."

म्हणजे प्रेत हा शब्द तू मनावर घेतलाच नव्हतास.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "आई जाईपर्यंत तिला गिरणीच म्हणायची. पाहुण्यांदेखत. तेव्हापासून ही कुशीवर, पदराचा बोळा तोंडाशी धरून झोपते. डोळा लागतोय असं वाटलं की दचकून उठते. मी किती वेळा म्हटलं, घोर गं बाई, मला काही होत नाही. ऐकत नाही."

म्हणजे अक्का, गोळ्या झोपेच्या आणि दुखणं लाजेचं! मी इकडे तुला रंगनाथ शिकवत बसले आणि तू तिकडे झोपेलाच घाबरत होतीस. बरं, अप्पांची सगळ्यात हुशार पोर, कधी नापास न झालेली. तीच चारचौघांत, अप्पांच्याच जमिनीवर, घोरताना सापडली. तुझ्या जागी मी असते तर मीही पिशवी भरली असती. सासूबाई गेल्या, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, म्हणून एवढंच म्हणते की त्यांना तोंड होतं.

ऐक माझं. अप्पा घोरायचे. दुपारी त्यांच्या घोरण्यानं पितळेचा डबा थरथरायचा, आणि आपण म्हणायचो अप्पा ओंकार करतायत. आमचे हे घोरतात. पुट्टम्मा बसल्या बसल्या घोरते. घोरणं म्हणजे तरी काय, श्वासच ना? तोच श्वास पुरुषानं घेतला तर ओंकार आणि बाईनं घेतला तर गिरणी? हा कुठला न्याय?

एक मात्र बजावते. माझा पाय मोडलाय म्हणून येऊ नकोस. दया दाखवायला येणारी माणसं इथं रोज येतात, आणि कोडुबळी खाऊन जातात. तुझे गुडघे वाकतात म्हणून ये. बागिन घ्यायला ये.

नंजी

मैसूर, २९ ऑगस्ट

अक्का,

दोन आठवडे हासनहून कार्ड नाही. भावजींनाही बोलू देत नाहीस ना? मला कळलंय, हे तुला आवडलेलं नाही. तू जपून ठेवलेलं मी मोठ्यानं वाचायच्या पत्रात लिहून बसले. माझ्या जिभेला हाड नाही, हे काय आज कळलं तुला?

आज थट्टा सुचत नाही. प्लास्टर निघालं. पाय वाळक्या शेंगेसारखा झालाय, काठी धरून चालते. पुट्टम्मा म्हणाली, "यंदा सुपं कुणासाठी भरता, नंजम्मा? तुमच्या अक्का काही यायच्या नाहीत." दरवर्षी तुझं सूप मी देवळात नाहीतर गल्लीतल्या कुणाला देते आणि वर हसते. यंदा नाही देणार. तू आली नाहीस तर ते तिथंच राहील, देवापुढं, तुझ्या त्या शिवीच्या कार्डाशेजारी. मला अम्मा नाही, अप्पा नाहीत. नंजी अशी हाक मारणारं माणूस जगात तू एकटीच उरलीस. ये गं.

नंजी

मैसूर, गौरीचा दिवस, दुपार

अक्का, नमस्कार सकाळी प्रत्यक्ष केला, तो पोचला. हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू त्या भिंतीपाशी झोपली आहेस, मी या भिंतीपाशी बसलेय, आणि तुला उठवायचं नाही म्हणून लिहीत बसलेय. बोलल्याशिवाय राहवत नाही, तुला माहीतच आहे.

सकाळी बसमधून उतरलीस ती भावजींचा हात न धरता. भावजी मागून दोन पिशव्या घेऊन येत होते, आणि चेहरा असा की पोरगी पहिली आलीय. मी पुढं होऊन काही बोलणार, तर तूच आधी म्हणालीस, "काठी कशाला गं, म्हातारे?" अकरा वर्षांनी पहिलं वाक्य! मला रडायचं होतं, तेही धड करू दिलं नाहीस.

आणि मग पूजेच्या वेळी तू पाटावर बसलीस. भिंत न धरता, कुणाला हाक न मारता, हळूच श्वास सोडत. मांडी घातलीस आणि माझ्याकडे बघितलंस, लहानपणी पद्मासन घालून बघायचीस तशी. आणि गंमत बघ, मलाच बसता येईना! यांनी माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. तू म्हणालीस, "वाण काय खुर्चीवरून देतात? खाली ये." मी म्हटलं, "पाय दुमडत नाही गं." तर तू हात पुढं केलास. "घाई करू नकोस. आधी श्वास सोड. घ्यायची काळजी नको, तो आपोआप येतो." माझंच पत्र मला ऐकवलंस! भावजींनी मोठ्यानं वाचलं होतं म्हणायचं.

मी खाली आले. दोघींनी पदराखाली सूप धरलं. सूप तुझ्याकडे गेलं आणि तू ते पटकन परत न ठेवता मांडीवर धरूनच बसलीस. पुट्टम्मा उगीचच नाक पुसत होती.

जेवणानंतर तू स्वतः उठून इथं, अप्पांच्या योगशाळेत आलीस. पुरणाचे होळिगे खाऊन सुस्तावलेल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. मला वाटलं, आता काहीतरी निमित्त काढून परत जाशील. मी घाईनं म्हटलं, "अक्का, रंगनाथासारखी पड हं." तू चटईवर उताणी झालीस, हिरव्या बांगड्या नीट केल्यास, कुंकू पुसलं नाही ना ते बोटानं बघितलंस, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "रंगनाथ राहू दे तुझ्यापाशी. मी प्रेतासारखी पडते. आणि घोरणार आहे. कुणाची काही हरकत?"

कुणाची नव्हती. थोड्या वेळानं सुरू झालं. अक्का, भावजींनी कमीच सांगितलं होतं. पितळेचा डबा थरथरला! सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, हसावं की नाही. पुट्टम्मा म्हणाली, "अगदी तुमच्या अप्पांसारखं," आणि तुझ्या शेजारी चटई ओढून आडवी झाली. आता ती खालच्या सुरात आहे आणि तू वरच्या. बाकीच्या चपला हातात घेऊन दबक्या पावलांनी घरी गेल्या.

तू तोंड उघडं टाकून, हात पसरून झोपली आहेस. पदर तोंडाशी नाही. सूप उशाशी आहे. भावजी मघाशी दारातून डोकावले, तुला परत न्यायची संध्याकाळची बस आहे म्हणाले. मी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना दहीभाताचा डबा बांधून दिला. एकाच माणसापुरता.

कारण अप्पांचा नियम म्हणजे नियम. या आसनात झोप लागली तो नापास. तू नापास झालीस, अक्का. आता उद्या सकाळी, रिकाम्या पोटी, इथंच, पुन्हा पहिल्यापासून.

नंजी